व्हायरस काढला, तरी प्रोग्राम उघडत नाहीत: फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

अँटीव्हायरसने स्कॅन केलं, काही फाइली पकडल्या, सगळं ठीक असल्याचा हिरवा शेरा दिला. संगणक बंद करून चालू केला आणि आता वर्डवर डबलक्लिक केलं की 'ही फाइल कशाने उघडू?' असा प्रश्न येतो. क्रोम उघडत नाही, टॅली उघडत नाही, अँटीव्हायरसही उघडत नाही. पुण्यातल्या नारायण पेठेतली डीटीपीची दुकानं, नवी पेठेतल्या अभ्यासिकांजवळचे झेरॉक्सवाले, सोसायट्यांची ऑफिसं, सगळीकडून ही तक्रार वर्षानुवर्षं येते आहे. त्यावर बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट मारून टाका.

तो सल्ला पहिल्याच फटक्यात मानू नका. फॉरमॅट कधी लागतो ते पुढे सांगतोच, पण या विशिष्ट तक्रारीत बऱ्याचदा दोष रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे लिहून ठेवतं त्या नोंदवहीतल्या, एका ओळीत असतो. त्या एका ओळीसाठी पेजमेकर पुन्हा टाकायचा, श्रीलिपीचा परवाना पुन्हा बसवायचा, जुने फाँट गोळा करत फिरायचं, सी ड्राइव्हमध्ये राहिलेला टॅलीचा डेटा गमवायचा, आणि मूळ कारण पेनड्राइव्हमध्ये असेल तर पुन्हा तिथेच येऊन थांबायचं. ज्यांचं पोट त्या एका मशीनवर आहे त्यांना हे परवडत नाही.

व्हायरस गेल्यावरच बिघाड का दिसतो

विंडोजमध्ये प्रोग्रामची फाइल 'डॉट ईएक्सई' या शेपटीची असते. तुम्ही आयकॉनवर डबलक्लिक करता तेव्हा विंडोज रजिस्ट्रीत बघतं की या शेपटीचं काय करायचं. तिथे लिहिलेलं असतं की हा 'ईएक्सईफाइल' नावाचा प्रकार आहे, आणि त्या प्रकाराच्या शेल, ओपन, कमांड या खणात एवढीच ओळ असते:

"%1" %*

म्हणजे ज्या फाइलवर क्लिक केलं तीच चालवा आणि तिच्यासोबत आलेली बाकीची माहिती तिला द्या. व्हायरस या ओळीच्या आधी स्वतःच्या फाइलचा पत्ता घुसवतो. मग तुम्ही काहीही उघडा, आधी तो चालतो आणि नंतर तुमचा प्रोग्राम तोच उघडून देतो. म्हणून तोपर्यंत कुणाला शंका येत नाही. अँटीव्हायरस येतो, व्हायरसची फाइल पुसतो, पण रजिस्ट्रीतला पत्ता तसाच राहतो. आता प्रत्येक डबलक्लिकला विंडोज त्या पुसलेल्या फाइलला शोधत जातं आणि हात हलवत परत येतं.

लोक म्हणतात, 'अँटीव्हायरसनेच कॉम्प्युटर बिघडवला.' तसं दिसतं खरं. पण अँटीव्हायरसने फाइल काढली ते बरोबरच केलं, बदललेली ओळ जागेवर आणायची राहिली. काही अँटीव्हायरस तेही करतात, सगळे सगळ्या वेळी करत नाहीत.

आधी लक्षण नीट ओळखा

'काहीच उघडत नाही' एवढ्यावर काम सुरू करू नका. स्क्रीनवर नेमकं काय येतं ते कागदावर लिहून घ्या किंवा मोबाइलने फोटो काढा. वेगवेगळ्या लक्षणांची मुळं वेगळी असतात.

डेस्कटॉपवरच्या सगळ्या आयकॉनचं चित्र एकसारखं झालं असेल आणि कशावरही क्लिक केलं तरी वर्ड किंवा नोटपॅडच उघडत असेल, तर बिघाड बहुधा शॉर्टकटच्या 'डॉट एलएनके' शेपटीत आहे. खात्री करायची तर सी ड्राइव्हमध्ये प्रोग्राम फाइल्समध्ये जाऊन मूळ फाइलवर क्लिक करा. ती उघडली तर प्रोग्राम ठीक आहेत, फक्त शॉर्टकट बिघडलेत.

मूळ फाइलसुद्धा उघडत नाही, 'कशाने उघडू' असं विचारते किंवा विंडोजला फाइल सापडत नाही असा निरोप येतो, तर वर सांगितलेली ईएक्सईची ओळ बघायची.

मोजकेच प्रोग्राम, त्यातही अँटीव्हायरस, टास्क मॅनेजर, रजिस्ट्री एडिटर असे व्हायरसला अडचणीचे ठरणारेच उघडत नसतील आणि बाकी सगळं चालत असेल, तर गोष्ट निराळी. त्या प्रोग्रामच्या फाइलची त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने प्रत करून बघा. दुसऱ्या नावाने ती चालू झाली तर कुणीतरी त्या नावावर अडसर टाकलाय. हा अडसर कुठे असतो ते खाली सांगतो.

'तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने हे बंद केले आहे' असा निरोप आला आणि मशीन तुमचं घरचं असेल, तर तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे व्हायरसच. ऑफिसचं मशीन असेल तर मात्र आधी ऑफिसात विचारा, ती बंदी खरोखर त्यांनी घातलेली असू शकते.

आणि 'हे वैध विन३२ अ‍ॅप्लिकेशन नाही' असा निरोप एकामागून एक प्रोग्रामला येत असेल तर थांबा. ते प्रकरण गंभीर असू शकतं, त्याबद्दल फॉरमॅटच्या भागात सांगतो.

एक चाचणी सगळ्यांच्या आधी करा: मशीनवर दुसरं यूजर खातं असेल तर त्यात लॉगइन करा. तिथे सगळं उघडत असेल तर बिघाड फक्त तुमच्या खात्यापुरता आहे, आणि दुरुस्ती अर्ध्या वेळात होते.

दुरुस्ती

कामाच्या फाइलींची प्रत आधी बाहेर काढा. कागदपत्रं, पेजमेकरच्या फाइली, फाँट, टॅलीचा डेटा फोल्डर, फोटो. प्रोग्रामच्या फाइली आणि सेटअप उचलू नका, त्यांतूनच आजार सोबत येतो.

आता प्रश्न असा, की रजिस्ट्री एडिटर हाही प्रोग्रामच आहे. तो उघडायचा कसा? यासाठी 'सेफ मोड विथ कमांड प्रॉम्प्ट' हा मार्ग खात्रीचा आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा. मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ६ दाबा. विंडोज ७ असेल तर मशीन चालू होताना एफ८ दाबत राहा. ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं डेटाला लावायचं कुलूप) असेल तर वाटेत रिकव्हरी की विचारली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच लिहून घ्या, नाहीतर मधेच अडकाल.

साधा सेफ मोड इथे पुरत नाही. तो अनावश्यक ड्रायव्हर आणि सेवा बाजूला ठेवतो, पण डबलक्लिक केल्यावर रजिस्ट्रीतली तीच बिघडलेली ओळ वाचतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये प्रोग्रामचं नाव टाइप केलं की ती ओळ मधे येतच नाही, फाइल थेट चालते. म्हणून तिथे 'रेजएडिट' टाइप करून एंटर मारलं की रजिस्ट्री एडिटर उघडतो. उघडल्यावर पहिलं काम: फाइल मेनूतून एक्सपोर्ट करून सगळ्या रजिस्ट्रीची प्रत ठेवा. हे टाळून पुढे जाऊ नका.

मग दोन जागा बघायच्या. पहिली तुमच्या खात्याची: एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, क्लासेस. इथे डॉट ईएक्सई किंवा ईएक्सईफाइल नावाचा खण असेल तर तो व्हायरसनेच केलेला असण्याची शक्यता दाट आहे, कारण धडधाकट विंडोजमध्ये या जागी त्याची गरज पडत नाही. तो खण पुसा. ही जागा महत्त्वाची यासाठी, की इथे लिहिलेलं सगळ्या मशीनसाठी लिहिलेल्यावर मात करतं. मुख्य जागा कितीही दुरुस्त करा, हा खण राहिला तर काहीच फरक पडत नाही. पुष्कळ दुरुस्त्या इथेच फसतात.

दुसरी जागा एचकी क्लासेस रूट. डॉट ईएक्सईच्या डीफॉल्टमध्ये ईएक्सईफाइल असायला हवं, आणि ईएक्सईफाइल, शेल, ओपन, कमांड इथल्या डीफॉल्टमध्ये वर दिलेली ओळ, अवतरणचिन्हांसकट. तिच्या आधी कुठलाही पत्ता दिसला तर काढून टाका. एकचा आकडा इंग्रजीच हवा, आणि दुसऱ्या अवतरणचिन्हानंतर एक जागा सोडायची.

हे मुख्य जागेचं काम रजिस्ट्री एडिटर न उघडताही होतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ए-एस-एस-ओ-सी या अक्षरांची एक आज्ञा आहे आणि एफ-टी-वाय-पी-ई या अक्षरांची दुसरी. पहिलीपुढे जागा सोडून डॉट ईएक्सई, बरोबरचं चिन्ह आणि ईएक्सईफाइल लिहायचं. दुसरीपुढे ईएक्सईफाइल, बरोबरचं चिन्ह आणि "%1" %* लिहायचं. सगळं अर्थातच इंग्रजी अक्षरांत. या दोन्ही आज्ञा कमांड प्रॉम्प्टच्या पोटातच असतात, त्यांना वेगळी फाइल लागत नाही. तुमच्या खात्यातल्या खणाला मात्र त्या हात लावत नाहीत, तो वेगळा पुसावाच लागतो.

शॉर्टकट बिघडले असतील तर करंट यूजरमध्येच सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, फाइलएक्स्ट्स इथे डॉट एलएनके शोधा आणि त्याखालचा यूजरचॉइस खण काढा. मशीन रीस्टार्ट केलं की आयकॉन आपापल्या चित्रांवर येतात.

आता ठरावीक नावांवरच्या अडसराची जागा. लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन आणि त्यात 'इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स'. ही सोय मुळात प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी आहे: अमुक प्रोग्राम सुरू झाला की त्याऐवजी तपासणीचं साधन सुरू करा. व्हायरस तिथे अँटीव्हायरसच्या नावाचा खण करतो आणि त्यात 'डीबगर' या नावाने भलताच पत्ता लिहितो. तेवढी डीबगरची नोंद पुसा. अख्खा मोठा खण उडवू नका, त्यात विंडोजच्या स्वतःच्याही नोंदी असतात.

टास्क मॅनेजर किंवा रजिस्ट्री एडिटर 'बंद केला आहे' म्हणत असेल तर करंट यूजरच्या सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, पॉलिसीज, सिस्टिममध्ये 'डिसेबलटास्कमॅनेजर' आणि 'डिसेबलरजिस्ट्रीटूल्स' या अर्थाच्या नोंदींपुढे १ असतो. ही बंदी खात्यापुरती असते. म्हणून दुसऱ्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून रजिस्ट्री एडिटर उघडून आजारी खात्याची रजिस्ट्री 'लोड हाइव्ह'ने जोडून घ्यायची आणि त्या नोंदी काढायच्या. शेजारच्याच एक्सप्लोरर खणात 'डिसअलाउरन' दिसलं तर त्याखालची यादीही वाचा, तिथे बंदी घातलेल्या प्रोग्रामची नावं सापडतात.

एवढं हाताने शोधणं अवघड वाटत असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्समधलं 'ऑटोरन्स' हे फुकट साधन दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून आणा. त्यात 'इमेज हायजॅक्स' नावाचा टॅब आहे. प्रोग्राम उघडण्याच्या वाटेत घुसलेल्या नोंदी तिथे एकत्र दिसतात. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवण्याचा पर्याय चालू ठेवा, यादी एकदम आटोक्यात येते. ज्या नोंदीची फाइलच जागेवर नाही ती पिवळ्या रंगात दिसते, आणि आपल्या या तक्रारीत नेमकी तीच हवी असते.

बरेच जण 'एसएफसी स्कॅननाऊ' चालवा म्हणून सांगतात. विंडोजच्या फाइली तुटल्या असतील तर ते उपयोगी आहे, त्याआधी 'डिसम' या विंडोजच्याच दुसऱ्या आज्ञेने त्या फाइलींचा मूळ साठा दुरुस्त केला तर अधिकच. पण ते फाइली तपासतं. रजिस्ट्रीत बदललेली ओळ त्याला दिसत नाही. त्याने 'काही दोष नाही' म्हटलं म्हणून मशीन बरं आहे असं समजू नका.

परत परत का होतं

नारायण पेठेतल्या एका डीटीपीवाल्या काकूंचं मशीन माझ्याकडे आलं तेव्हा त्यांचा सूर रडकुंडीला आलेला होता. "दादा, नुकताच फॉरमॅट मारून आणलाय हो. दोन दिवस चाललं आणि परत तेच."

"काकू, मॅटर लोक कशावर आणून देतात?"

"पत्रिका वगैरे व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. पुस्तकाचं काम असलं की पेनड्राइव्हच."

फॉरमॅट फक्त सी ड्राइव्हचा झाला होता. डी ड्राइव्हमध्ये ग्राहकांच्या जुन्या फोल्डरांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट होते आणि खरे फोल्डर लपवलेले. विंडोज नवं कोरं, पण काकूंनी कामासाठी पहिला फोल्डर उघडला की व्हायरस परत हजर. शिवाय टास्क शेड्यूलरमध्ये अपडेटसारखं नाव घेतलेलं एक काम होतं, जे ठरावीक वेळाने अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरमधली स्क्रिप्ट चालवायचं.

पेनड्राइव्ह लावताक्षणी आपोआप काही चालू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये जुन्या विंडोजवरही अपडेटमधून बंद केली. तेव्हापासून व्हायरसना तुमच्या हातून क्लिक करून घ्यावं लागतं, आणि फोल्डरच्या वेषातला शॉर्टकट त्यासाठीच असतो. कधी कधी ते सगळ्या फाइली बिननावाच्या फोल्डरमध्ये ढकलतात. माणूस 'माझा डेटा गेला' म्हणून घाबरतो. डेटा गेलेला नसतो. पेनड्राइव्ह स्कॅन करा, शॉर्टकट पुसा, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या ड्राइव्हवर जाऊन 'अ‍ॅट्रिब' ही आज्ञा उणे एच, उणे आर, उणे एस आणि पुढे तिरक्या रेघेसह एस आणि डी लावून चालवा. लपलेलं सगळं वर येतं.

काकूंच्या दुकानात आम्ही एक साधी सवय लावली. ग्राहकाचा पेनड्राइव्ह लागला की आधी उजवं क्लिक करून स्कॅन, मग एक्सप्लोररच्या यादीत 'टाइप' हा रकाना बघायचा. फोल्डरसमोर 'शॉर्टकट' लिहिलेलं दिसलं की हात आवरायचा. फाइलींच्या शेपट्या दिसतील असा पर्यायही कायमचा चालू केला. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने तयार केलेलं 'यूएसबी प्रतिरोध' हे फुकट साधनही आहे, कुठले पेनड्राइव्ह चालू द्यायचे ते त्यात ठरवता येतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राकडून २०१७ पासून ते मिळतं.

पेनड्राइव्हचा काही संबंध नसेल तर शेड्यूलर, स्टार्टअप आणि डिफेंडर या विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसमधली 'एक्सक्लूजन्स'ची, म्हणजे स्कॅनमधून वगळायच्या जागांची, यादी तपासा. त्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला असेल तर डिफेंडर रोज स्कॅन करूनही काहीच बघत नसतो. फुकटात सॉफ्टवेअर चालवायला आणलेले क्रॅक तर बरेचदा बसवतानाच 'अँटीव्हायरस बंद करा' म्हणतात, आणि आपण करतो. ते क्रॅक मशीनवर राहिलं तर वरची सगळी मेहनत वाया जाईल, हे मी प्रत्येकाला तोंडावर सांगतो.

सगळं झाल्यावर विंडोज सिक्युरिटीतून 'डिफेंडर ऑफलाइन' स्कॅन करा. ते विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी चालतं, म्हणून लपून बसलेल्यांना तेव्हा आडोसा नसतो. साधारण पंधरा मिनिटं लागतात.

फॉरमॅट केव्हा करायचाच

सॅलिटी, व्हिरुट, रॅमनिट या जातीचे व्हायरस निराळे. ते रजिस्ट्रीवर थांबत नाहीत, मशीनवरच्या प्रत्येक ईएक्सई फाइलमध्ये स्वतःला जोडतात. सॅलिटी तर सेफ मोडच्या नोंदीही पुसतो, म्हणून सेफ मोडमध्ये जाताना निळी स्क्रीन येते. व्हिरुटने धरलेल्या फाइली अनेकदा अशा तुटतात की अँटीव्हायरसने साफ केल्यावरही त्या चालत नाहीत. 'वैध अ‍ॅप्लिकेशन नाही' हा निरोप तिथूनच येतो. स्कॅनच्या अहवालात यांची नावं शेकड्याने दिसली तर दुरुस्तीचा हट्ट धरू नका. सगळ्या ड्राइव्हवरचे प्रोग्राम आणि सेटअप सोडून द्या, कागदपत्रं स्वच्छ मशीनवर स्कॅन करून घ्या आणि फॉरमॅट करा. डी आणि ई ड्राइव्हसुद्धा. रॅमनिट वेबपानांच्या एचटीएमएल फाइलींनाही लागतो, तेव्हा त्याही उचलू नका.

पेठांमध्ये अजून विंडोज ७ वरची बरीच मशिनं दिसतात, जुनं पेजमेकर आणि जुने फाँट चालावेत म्हणून सांभाळलेली. त्या विंडोजचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनं मशीन कामासाठी हवंच असेल तर त्याची इंटरनेटची वायर काढा. मॅटर नव्या मशीनवर घ्या, स्कॅन करा आणि त्यासाठीच राखलेल्या एका पेनड्राइव्हने पलीकडे न्या. बँकेचे व्यवहार त्या मशीनवर अजिबात नकोत.

मशीन चालू झालं की पासवर्ड बदला: ईमेलचा आधी, मग बँकेचा, मग बाकीचे. हे काम मोबाइलवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून करा. व्हायरस किती दिवस आत होता हे कळत नाही, आणि या काळात ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बाहेर गेलेले असू शकतात. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर दुरुस्तीच्या मागे न लागता आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. अशा वेळी मशीन फॉरमॅटही करू नका, तक्रारीसाठी त्यातल्या खुणा लागू शकतात.